कमी हप्त्यात नवी गाडी: आधी किंमत, मग मुदत, हप्ता शेवटी

शोरूममध्ये पाऊल टाकल्यानंतर पहिल्या काही मिनिटांतच एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे ‘महिन्याला किती हप्ता परवडेल?’ प्रश्न आपुलकीचा वाटतो आणि ग्राहक सरळपणे एक आकडा सांगून मोकळा होतो. पण तो आकडा एकदा समोरच्याच्या हाती गेला की पुढची सगळी बोलणी त्याच्याभोवती फिरू लागतात. गाडीची किंमत, व्याजाचा दर, विम्याची रक्कम, अ‍ॅक्सेसरीजचे पॅकेज यांपैकी काहीही वाढले तरी मुदत थोडी लांबवून हप्ता त्याच आकड्यावर आणून बसवता येतो आणि ग्राहकाला आपल्या मनासारखा सौदा झाल्याचे समाधानही मिळते. म्हणून कमी हप्त्यात स्वस्त गाडी हवी असेल, तर पहिला नियम असा की किंमत पक्की होईपर्यंत हप्त्याचा विषय निघू द्यायचा नाही. कोणी विचारलेच, तर ‘पैशाची व्यवस्था नंतर बोलू, आधी गाडीची संपूर्ण किंमत लेखी द्या’ एवढेच उत्तर पुरेसे असते.

हप्ता खाली आणण्याचे मार्ग मुळात पाचच आहेत. गाडी कमी किमतीत घ्यावी, सुरुवातीला जास्त रोख भरावी, व्याजाचा दर कमी मिळवावा, कर्जाची मुदत वाढवावी किंवा रकमेचा मोठा भाग शेवटच्या दिवसावर ढकलावा. यांपैकी पहिल्या तीन मार्गांत खरोखर पैसा वाचतो. उरलेल्या दोन मार्गांत तो वाचत नाही, नुसता पुढे जातो आणि जाताना व्याज वाढवून जातो. ‘अत्यल्प मासिक हप्ता’ अशी जाहिरात दिसली की तो हप्ता या पाचांपैकी कोणत्या मार्गाने कमी झाला आहे, हे शोधणे एवढेच ग्राहकाचे काम असते, आणि बहुतेक वेळा उत्तर शेवटच्या दोहोंत सापडते.

हप्त्याने गाडी विकणे हा वाहन उद्योगाच्या कडेचा नव्हे, तर मधोमध बसलेला धंदा आहे. जनरल मोटर्सने गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी 1919 मध्येच काढली. हेन्री फोर्ड यांना उधारीचे वावडे होते, म्हणून त्यांच्या कंपनीने 1923 मध्ये आठवड्याला पाच डॉलर जमा करण्याची योजना आणली, ज्यात सगळे पैसे भरून झाल्यावरच गाडी मिळत असे. ग्राहकांना आधी गाडी आणि मग पैसे हेच जास्त पसंत पडले आणि फोर्डनाही पुढे त्याच वाटेने जावे लागले. आजही अनेक विक्रेत्यांना गाडीइतकाच, कधीकधी तिच्याहून अधिक, फायदा कर्ज, विमा आणि वाढीव वॉरंटी यांच्या कमिशनमधून होतो. हे लक्षात ठेवले म्हणजे विक्रेत्याला रोख घेण्यापेक्षा कर्ज देण्याची घाई का असते, याचे कोडे उलगडते.

शोरूमला जाण्याआधी घरी करायचे काम जास्त महत्त्वाचे आहे. गाडीचा महिन्याचा खर्च म्हणजे केवळ हप्ता नव्हे. विम्याचा वार्षिक हप्ता बाराने भागून, इंधनाचा अंदाज रोजच्या अंतरावरून काढून, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग आणि किरकोळ दुरुस्तीसाठी काही रक्कम धरून जी बेरीज येते, तिच्यात हप्ता मिळवायचा आणि ती एकूण रक्कम आपल्याला झेपते का, हे पाहायचे. 20 टक्के रक्कम सुरुवातीला, 4 वर्षांची मुदत आणि गाडीवरचा एकूण मासिक खर्च उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या आत, असा एक ठोकताळा बराच प्रचलित आहे. तो कडक आहे आणि सगळ्यांना जमेलच असे नाही, परंतु आपण त्यापासून किती दूर आहोत हे पाहिले की आपली उडी किती मोठी आहे ते कळते. त्याहून खात्रीची परीक्षा अशी की गाडी घेण्याआधीचे काही महिने तेवढी एकूण रक्कम दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वेगळ्या खात्यात टाकून उरलेल्या पैशांत घर चालवून पाहावे. निभावले तर डाऊन पेमेंटमध्ये आपोआप भर पडते, आणि नाही निभावले तर करारावर सही होण्याआधीच ते समजते.

आता मुदतीचा हिशोब. पुढच्या सर्व उदाहरणांत कर्ज 6 लाखांचे आणि, वेगळे सांगितले नसेल तेथे, व्याज वार्षिक 9 टक्के दराने, दर महिन्याच्या शिल्लक रकमेवर धरले आहे. चलन कोणतेही असले तरी प्रमाण बदलत नाही. 3 वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे 19,080 हप्ता बसतो आणि एकूण व्याज जवळपास 87 हजार होते. 5 वर्षांत हप्ता 12,455 वर येतो, व्याज 1 लाख 47 हजारांवर जाते. 7 वर्षांत हप्ता आणखी उतरून 9,653 होतो, पण व्याज 2 लाख 11 हजारांच्या घरात पोहोचते. 5 वर्षांवरून 7 वर्षांवर गेल्याने महिन्याला 2,800 सुटले, हे चटकन डोळ्यांत भरते. त्यासाठी 64 हजार जास्त व्याज दिले जाते आणि आणखी 24 हप्ते फेडावे लागतात, हे कोणी मुद्दाम सांगत नाही. त्यातही लांब मुदतीच्या कर्जाला अनेकदा व्याजदरही थोडा चढा लावला जातो.

लांब मुदतीचा दुसरा तोटा तीन-चार वर्षांनी उघड होतो. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षी सर्वांत वेगाने घसरते, तर लांब मुदतीच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा हिस्सा व्याजात जात असल्याने मुद्दल हळूहळू कमी होते. वरच्याच उदाहरणात 3 वर्षे पूर्ण झाल्यावर 5 वर्षांच्या कर्जात सुमारे 2 लाख 73 हजार बाकी असतात, तर 7 वर्षांच्या कर्जात 3 लाख 88 हजार. समजा त्या वेळी काही कारणाने गाडी विकावी लागली आणि बाजारात तिचे साडेतीन लाख आले. पहिल्या ग्राहकाच्या हातात कर्ज फेडून 77 हजार उरतील, दुसऱ्याला गाडी हातची देऊन वर 38 हजारांची पदरमोड करावी लागेल. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली तरी हाच पेच उभा राहतो, कारण विमा कंपनी गाडीचे त्या दिवसाचे मूल्य पाहते, कर्जाची बाकी पाहत नाही. ही तफावत भरून देणारा वेगळा विमा काही ठिकाणी मिळतो. डाऊन पेमेंट फारच कमी असेल तर त्याचा विचार करावा, भरपूर असेल तर तो खर्च टाळावा. माझ्या मते नव्या गाडीसाठी 5 वर्षे ही मुदतीची शेवटची मर्यादा मानावी. त्या मुदतीतही हप्ता झेपत नसेल, तर मुदत न वाढवता एक पायरी खालची गाडी पाहावी.

व्याजदराच्या बाबतीत सर्वांत मोठी गफलत ‘फ्लॅट’ आणि ‘रिड्यूसिंग’ या दोन पद्धतींमध्ये होते. रिड्यूसिंग पद्धतीत व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागते, त्यामुळे ते दर महिन्याला कमी होत जाते. फ्लॅट पद्धतीत निम्मे कर्ज फिटले तरी व्याज मूळ संपूर्ण रकमेवरच मोजले जाते. 6 लाखांवर 7 टक्के फ्लॅट दराने 5 वर्षांचे व्याज 2 लाख 10 हजार होते आणि हप्ता 13,500 बसतो. हाच हप्ता रिड्यूसिंग पद्धतीत मोजला तर दर जवळजवळ साडेबारा टक्के निघतो. म्हणजे 7 टक्के ऐकून खूश झालेला माणूस प्रत्यक्षात 9 टक्क्यांवाल्यापेक्षा महिन्याला हजाराहून जास्त भरत असतो. यावर सोपा उपाय असा की दर किती, हा प्रश्न विचारण्याऐवजी ‘हप्ता गुणिले महिने, अधिक सर्व फी, मिळून मी एकूण किती देणार?’ असे विचारावे आणि दोन ठिकाणच्या त्या उत्तरांची एकाच रकमेसाठी आणि एकाच मुदतीसाठी तुलना करावी. अनेक देशांत सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर सांगणे कर्जदात्यावर बंधनकारक आहे. तसा दर कागदावर छापलेला असेल, तर जाहिरातीतला ठळक आकडा सोडून तोच पाहावा.

शून्य टक्के व्याजाची योजना दिसली तरी ती फुकट आहे असे समजू नये, आणि फसवीच आहे असेही समजू नये. ती कितपत फायद्याची आहे हे काढता येते. अशा योजनेबरोबर रोख सवलत बहुधा मिळत नाही, म्हणून प्रश्न एवढाच उरतो की सोडून दिलेली सवलत मोठी की वाचलेले व्याज मोठे. 6 लाख शून्य टक्क्यांनी 36 महिन्यांत फेडायचे तर हप्ता 16,667 होतो. त्याऐवजी 60 हजारांची सवलत घेऊन उरलेल्या 5 लाख 40 हजारांचे कर्ज 9 टक्क्यांनी काढले तर एकूण 6 लाख 18 हजार जातात, म्हणजे शून्य टक्केच बरे. सवलत 80 हजारांची असेल तर मात्र एकूण 5 लाख 95 हजारच जातात आणि पारडे फिरते. या आकड्यांवर ते साधारण 76 हजारांच्या सवलतीला फिरते. योजनेत प्रोसेसिंग फी लावली असेल तर ती शून्य टक्क्यांच्या बाजूला मिळवून मगच तुलना करावी. काही वेळा शून्य व्याज फक्त ठरावीक मॉडेलवर, मोठे डाऊन पेमेंट असेल तरच किंवा छोट्या मुदतीलाच मिळते, आणि एखादा हप्ता चुकला तर सवलत रद्द होण्याची अटही त्यात असू शकते.

पाचवा मार्ग, म्हणजे मोठी रक्कम शेवटावर ढकलणे, हा दिसायला सर्वांत आकर्षक आहे. 6 लाखांपैकी 2 लाख शेवटी एकरकमी द्यायचे ठरले तर 5 वर्षांचा हप्ता 12,455 ऐवजी सुमारे 9,800 होतो. पण त्या 2 लाखांवर 5 वर्षे पूर्ण व्याज चालू राहते, त्यामुळे एकूण व्याज 1 लाख 47 हजारांवरून 1 लाख 88 हजारांवर जाते आणि शेवटच्या महिन्यात 2 लाख उभे करण्याची जबाबदारी डोक्यावर असतेच. ती रक्कम कुठून येणार हे आज सांगता येत असेल, उदाहरणार्थ मुदत ठेव त्याच सुमारास संपणार असेल, तरच हा मार्ग धरावा. ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ म्हणणारे बहुतेक जण त्या रकमेसाठी पुन्हा कर्ज काढतात.

भाडेकराराने गाडी घेण्याची पद्धतही याच जातीची आहे. तिच्यात हप्ता कमी असतो, कारण आपण गाडीची पूर्ण किंमत फेडत नसून वापराच्या काळात तिच्या किमतीत होणारी घसरण, अधिक व्याज, एवढेच फेडत असतो. मुदत संपली की गाडी परत जाते. किलोमीटरची मर्यादा, ओरखडे आणि पोचे यांची भरपाई, मधूनच करार सोडल्यास लागणारा दंड या तीन कलमांवर असा करार तोलावा. दर काही वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला आणि ठरावीक अंतर चालवणाऱ्याला ही पद्धत सोयीची पडू शकते. एकदा घेतलेली गाडी दहा वर्षे वापरणाऱ्याला ती सहसा महाग पडते, कारण त्याची खरी बचत हप्ते संपल्यानंतरच्या वर्षांत होत असते.

आता गाडीच्या किमतीकडे वळू. सर्वांत स्वस्त व्हेरिएंटची किंमत जाहिरातीत असते, पण शोरूममध्ये उभी असलेली गाडी बहुधा वरच्या व्हेरिएंटची असते आणि मन तिच्यातच अडकते. म्हणून कोणती गोष्ट असल्याशिवाय आपले चालणार नाही, याची यादी घरीच लिहून न्यावी. मोठा स्क्रीन, अ‍ॅलॉय व्हील, सनरूफ यांवर काट मारता येते. एअरबॅगची संख्या, घसरणाऱ्या गाडीला सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आणि लहान मुलांची खुर्ची पक्की बसवण्याचे आयसोफिक्स हुक यांवर मात्र मारू नये. युरो एनकॅपसारख्या संस्था 1997 पासून गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करत आहेत. ते पाहताना चाचणीचे वर्ष आणि चाचणी झालेल्या गाडीतली उपकरणे आवर्जून वाचावीत, कारण चाचण्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या निकषांवर मिळालेले पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या तोडीचे नसतात.

वेळ साधली तरी किंमत बरीच उतरते. महिन्याच्या आणि तिमाहीच्या अखेरीला विक्रीचे लक्ष्य गाठायची धावपळ असते, वर्ष बदलताना जुन्या वर्षाच्या गाड्या काढून टाकायच्या असतात आणि मॉडेलचे नवे रूप येणार असल्याची कुणकुण लागली की आधीच्या रूपातल्या गाड्यांवर मोठी सूट निघते. अशी गाडी घेण्यात गैर काही नाही, फक्त विकताना तिचे वय एक वर्षाने जास्त धरले जाईल, याची किंमत आजच्या सवलतीत वसूल झाली पाहिजे. शोरूमची डेमो गाडी किंवा विक्रीचा आकडा गाठण्यासाठी शोरूमने आधीच नोंदवून ठेवलेली गाडीही पुष्कळ स्वस्त मिळते. त्या गाडीची वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली आहे आणि कागदोपत्री आपण पहिले मालक ठरणार की दुसरे, हे दोन प्रश्न तेथे आधी विचारावेत. कर्जाचा दर आणि विम्याचा हप्ता या दोन्हींवर त्या उत्तरांचा परिणाम होऊ शकतो.

किंमत मागताना एकाच मॉडेलच्या, एकाच व्हेरिएंटच्या गाडीचे कोटेशन निदान तीन विक्रेत्यांकडून लेखी घ्यावे आणि ते सर्व खर्चांसह, म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या शेवटच्या आकड्यासह असावे. कोटेशनचा कागद शांतपणे वाचण्यासारखा असतो. वर गाडीची मूळ किंमत, तिच्याखाली कर आणि नोंदणी, मग विमा. येथपर्यंतच्या ओळी टाळता येत नाहीत, त्यातही विमा बाहेरून घेण्याची मुभा असेल तर तेवढ्याच संरक्षणाचा दुसरा भाव काढून पाहावा. त्यांच्याखाली बारीक अक्षरांत हाताळणी शुल्क, कागदपत्रांचे शुल्क, ‘एसेन्शियल किट’, अंडरबॉडी कोटिंग, पेंट प्रोटेक्शन, वाढीव वॉरंटी, रस्त्यावरील मदत अशा ओळी येतात. यांतल्या प्रत्येक ओळीपुढे बोट ठेवून ‘हे नको असेल तर किंमत किती?’ असे विचारावे. पुष्कळ ओळी तेवढ्यानेच गळतात. सीट कव्हर आणि मॅट बाहेर निम्म्याहून कमी पैशांत मिळत असताना त्यांवर पाच वर्षे व्याज भरण्यात अर्थ नाही. सवलतीच्या बदल्यात ‘अमुक इतक्या किमतीच्या अ‍ॅक्सेसरीज मोफत’ असे सांगितले गेले तर त्यांची किंमत विक्रेत्यानेच ठरवलेली आहे हे ध्यानात ठेवून, वस्तूंऐवजी रोख सूट मागावी.

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची असेल तर ती बोलणी सर्वांत शेवटी करावीत. दोन्ही व्यवहार एकत्र झाले की जुन्या गाडीला चांगला भाव दिल्याचे दाखवून नव्या गाडीची सूट काढून घेणे विक्रेत्याला सोपे जाते. जुन्या गाडीचा बाहेरचा भाव आधी दोन ठिकाणी काढून ठेवावा आणि नव्या गाडीची किंमत लेखी हाती आल्यावरच एक्सचेंजचा विषय काढावा. जुन्या गाडीवर कर्ज बाकी असेल तर ती बाकी नव्या कर्जात मिसळण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. तो मानला तर विकलेल्या गाडीचे हप्ते नव्या गाडीच्या नावाने भरत राहावे लागतात.

कर्जाची मंजुरी मात्र शोरूमला जाण्याआधीच खिशात असावी. आपले खाते असलेल्या बँकेकडून किंवा पतसंस्थेकडून रक्कम, दर, मुदत आणि फी लिहून घ्यावी. त्याआधी आपला क्रेडिट अहवाल काढून त्यात एखादे फेडलेले कर्ज चुकून चालू दिसत नाही ना, हे तपासावे आणि चूक असल्यास दुरुस्त करून घ्यावी, कारण दरातला एखाद-दोन टक्क्यांचा फरक पुष्कळदा त्या अहवालावरच ठरतो. चौकशी पाच ठिकाणी करायला हरकत नाही, औपचारिक अर्ज मात्र एक-दोन ठिकाणीच करावेत, कारण थोड्या दिवसांत बरेच अर्ज दिसले तर कर्जदाते साशंक होतात. हातात मंजुरी असली की शोरूमने सुचवलेल्या कर्जाला तुलनेसाठी एक माप मिळते. शोरूमचे कर्ज त्याहून स्वस्त निघाले तर खुशाल घ्यावे.

करारात पाच गोष्टी शोधून वाचाव्यात. दर मुदतभर स्थिर आहे की बदलता, मुदतीआधी कर्ज फेडल्यास किंवा मध्येच काही रक्कम भरल्यास दंड किती, उशिराच्या हप्त्याचे शुल्क कसे मोजले जाते, कर्जाबरोबर एखादी विमा पॉलिसी न विचारता जोडली आहे का, आणि हप्ता थकल्यास गाडी किती दिवसांनी व कोणत्या नोटिशीनंतर जप्त होऊ शकते. रिकाम्या जागा असलेल्या कागदावर सही करू नये, ‘नंतर भरतो’ असे कितीही नम्रपणे सांगितले तरी. हप्त्याची तारीख पगार जमा होण्याच्या तारखेनंतर तीन-चार दिवसांनी ठेवून घ्यावी. त्याला पैसे पडत नाहीत आणि दंड वाचतो. कर्ज मंजूर झाल्याचे तोंडी ऐकून गाडी घरी नेऊ नये. मंजुरी अंतिम नसताना गाडी ताब्यात दिली जाते आणि काही दिवसांनी ‘त्या दराने जमले नाही, नवीन कागदांवर सही करा’ असा निरोप येतो, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो.

गाडी ताब्यात घेण्याचा दिवस फुलांचा, पेढ्यांचा आणि फोटोंचा असला तरी त्याआधी दिवसाउजेडी अर्धा तास तपासणीला द्यावा. सतरा अक्षरांचा चासी क्रमांक गाडीवरच्या आणि कागदांवरच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, त्यामुळे ओ वाटतो तो शून्य असतो. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत शेवटचे चार अंक असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. 3524 असे असेल तर तो टायर 2024 सालच्या 35व्या आठवड्यात तयार झाला आहे. चारही टायरांवर आणि स्टेपनीवर हे अंक पाहिले की गाडी गोदामात किती दिवस उभी होती याचा अंदाज येतो. फार दिवस उभी असेल तर बॅटरी तपासून घ्यावी. दोन पॅनेलमधल्या फटी सारख्या आहेत का आणि रंगाच्या छटेत कुठे फरक दिसतो का, हे तिरप्या उजेडात चांगले कळते, कारण वाहतुकीत खरचटलेल्या गाडीला पुन्हा रंग मारलेला असण्याची शक्यता असते. दोष आढळला तर पोचपावतीवर तो लिहिल्याशिवाय सही करू नये.

एवढे झाल्यावर हप्ता सुरू होतो आणि तोही कमी करत नेता येतो. 5 वर्षांच्या वरच्या कर्जात पहिल्या वर्षाअखेरीस 50 हजार जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर साधारण साडेपाच हप्ते वाचतात, म्हणजे 50 हजार भरून जवळपास 70 हजारांची देणी मिटतात. तीच रक्कम चौथ्या वर्षी भरली तर बचत बरीच कमी होते, म्हणून बोनस किंवा कुठून अवचित आलेले पैसे सुरुवातीच्या वर्षांतच कर्जात वळवावेत, अर्थात मुदतपूर्व भरण्यावर दंड नसेल तर. अशी रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करून मुदत कमी करावी असे लेखी कळवावे, नाहीतर काही कर्जदाते ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून धरतात आणि व्याज तसेच चालू राहते. उलट, एखाद्या महिन्यात हप्ता भरणे कठीण दिसत असेल तर तारीख उलटण्याआधी कर्जदात्याला कळवावे. थकबाकीदाराच्या विनंतीपेक्षा वेळेवर भरणाऱ्याच्या विनंतीला जास्त मान मिळतो.

शेवटचा हप्ता गेला की काम संपले असे बहुतेकांना वाटते, पण नोंदणीच्या कागदावर कर्जदात्याचे नाव तसेच असते. कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र मागून घ्यावे, नोंदणी कार्यालयात ते दाखवून गाडीवरची तारणाची नोंद काढून घ्यावी, विमा पॉलिसीतूनही कर्जदात्याचे नाव वगळून घ्यावे आणि बँकेतला आपोआप हप्ता कापण्याचा आदेश रद्द करावा. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट अहवाल पुन्हा काढून त्यात हे कर्ज ‘बंद’ असे दिसते आहे का, तेही पाहून ठेवावे. नोंद तशीच राहिली आणि काही वर्षांनी गाडी विकायला काढली, तर ग्राहक समोर पैसे घेऊन उभा असताना त्या पत्रासाठी बँकेत खेटे घालावे लागतात.